चौदाव्या सोमवारचं मौन

आमच्या ह्यांचं नाक साताऱ्यापासून पार कराडपर्यंत ठाऊक होतं. हे म्हणजे माझे यजमान, आकाराम मिस्त्री. पंधरा वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केल्या आणि पेन्शनीवर आल्यावर साताऱ्यात कोरेगाव रस्त्याला, आमच्या घराच्याच अंगणात पत्र्याची शेड घालून गॅरेज काढलं. गाडी आली की बाकीचे मिस्त्री आधी बॉनेट उघडतात. हे उघडत नसत. इंजिन चालू ठेवायला सांगत, मागं जाऊन सायलेन्सरच्या नळीशी उकिडवे बसत, तळहातानं धूर नाकाकडं ओढून घेत आणि डोळे मिटत. चाफ्याचं फूल हुंगावं तसं. मग सांगत, "पेट्रोल कच्चं जातंय," नाहीतर, "हवा जास्ती झालीया, व्हॉल्व्ह जाळशील." एवढ्यावरच बिघाड कुठं आहे ते त्यांना कळलेलं असायचं.

मला त्यातलं काही कळत नव्हतं तेव्हा त्यांनीच एकदा समजावलं होतं. "भाकरीच्या पिठात पाणी किती, हे तू मापून घालतीस का? हाताला कळतं न्हवं? तसं इंजिनात पेट्रोल किती आन् हवा किती, ते धुराला कळतं. धूर मला सांगतो."

पेट्रोलचा भाव भडकला तशी ह्यांच्या नाकाची किंमत आणखी वाढली. जो तो म्हणे, मिस्त्री, पेट्रोल कमी करा, हवा वाढवा, ॲव्हरेज काढून द्या. पण हवा एका हद्दीपलीकडं गेली की इंजिन आतून भाजतं. ती हद्द नेमकी धरणारा माणूस आमच्या भागात एकच होता.

पंचाहत्तर साली महाशिवरात्रीच्या सुमाराला ह्यांना ताप आला. आठ दिवस अंथरुणाला खिळून होते. सर्दी अशी, की उशी भिजायची. ताप उतरला आणि चूल पेटवून मी दूध ठेवलं, ह्यांना म्हटलं, जरा लक्ष ठेवा, मी शंकराला बेल वाहून येते. परत आले तर सगळं घर करपलेल्या दुधानं भरलेलं, आणि हे चुलीपासून दोन हातांवर बसून सुडकं घेऊन गॅरेजातले पाने-पकडी पुसत होते.

"आवं, दूध!"

"काय झालं?"

"पातेलं लाल झालं. वास न्हाई का आला?"

ते पातेल्याकडं बघत राहिले. मग उठून शेडमध्ये गेले. मी दारातून पाहिलं. पेट्रोलच्या डब्याचं बूच काढून त्यांनी डबा नाकाला लावला होता. मग ग्रीसचा डबा लावला. मग स्वतःचा कळकट सदरा. मी आत सरले. आपल्या माणसाला तसं पाहू नये असं वाटलं.

महिना वाट पाहिली. मग सांगलीला गेलो. विश्रामबागेत माझी बहीण रंगुबाई राहते, तिच्याकडं उतरलो आणि तिथल्या एका नाकाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ह्यांना डोळे मिटायला लावले आणि एकेक बाटली नाकाखाली धरली. पहिली कॉफीची, दुसरी कापराची, तिसरी हिंगाची. हिंगाच्या बाटलीनं मी कोपऱ्यात बसूनसुद्धा तोंड फिरवलं. हे शांत.

"काय आहे ह्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाणी असंल."

डॉक्टरांनी बूच लावलं. "सर्दीच्या तापात वासाची नस जळते कधीकधी. औषध नाही त्याला. क्वचित आपोआप परत येते, पण मिस्त्री, तुम्ही आशा धरून बसू नका."

येताना एस.टी.त हे खिडकीशी बसले होते. कासेगाव गेलं, कराड गेलं. उंब्रजच्या पुढं म्हणाले, "कुणाला सांगू नगंस."

"न्हाई सांगत."

"प्लगचा रंग बघून काम हुतं म्हणा. काळा पडला तर पेट्रोल जास्ती, पांढरा पडला तर हवा जास्ती, बिस्किटागत असला तर ठीक. पर त्याला गाडी धा मैल पळवाय लागती, मग पुन्हा उघडा. आन् पांढरा दिसूस्तोवर इंजिन भाजून निघालेलं असतं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझं नाक कसं हाय?"

माझी तुळस अंगणात शेडच्या तोंडाशीच आहे. गाड्या आत तोंड करून उभ्या राहतात, त्यामुळं त्यांचे सायलेन्सर तुळशीच्या बाजूलाच येतात. सकाळी अंघोळ करून मी तुळशीला पाणी घालते, एकशे आठ वेळा नाव घेते. हे माझं लग्नाच्या आधीपासूनचं. ह्यांनी ते धरून बेत केला. हे नेहमीसारखे नळीशी बसणार, डोळे मिटणार. मी तुळशीपाशी पाणी घालत वास घेणार. धूर कच्चा असला तर 'नारायण' म्हणायचं. कोरडा, डोळ्यांना झोंबणारा असला तर 'शिव शिव' म्हणायचं.

"आन् बरोबर असला तर?"

"तर गप ऱ्हायचं."

"देवाचं नाव असल्या कामाला?"

"नाव तर तू दिसभर घेतीसच की. कुणाला काय कळणार?"

कुणाला कळणार, ह्याचं मला काही वाटत नव्हतं. ज्याचं नाव घ्यायचं त्याला कळणारच होतं. पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि बरं म्हटलं.

पहिले चार महिने ते नीट चाललं. ह्यांनी मला गाड्या चालू करून, नट फिरवून शिकवलं. कच्चा धूर गोडसर, घशाला चिकटणारा. कोरडा धूर जवळजवळ वास नसल्यासारखाच, पण कळीच्या चुन्यावर पाणी ओतावं तसा डोळ्यांत शिरतो. आणि बरोबर असलेला धूर उबदार, शांत, नुसताच गरम. मला तो आवडायला लागला, खोटं कशाला सांगू. एकदा हंबीरराव फियाट घेऊन आले होते. रहिमतपूरचे बागायतदार, तोंडानं तिखट. त्यांच्या गाडीचं काही जमेना, आणि मी आपली पाणी घालतेय, घालतेय. ते म्हणाले, "मिस्त्री, वहिनी तुळशीला पाणी घालत्यात का तळं भरत्यात?"

हे हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले, आणि हसता हसताच म्हणाले, "नारायण, नारायण." ह्यांनी नट फिरवला.

पण संध्याकाळी पोथी वाचायला बसले की माझं चित्त ठिकाणावर राहीना. नारायण हे नाव आलं की मला कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. शिवाचं नाव घेतलं की डोळे झोंबायचे. पन्नाशीला आलेली बाई मी, जन्मभर घेतलेली दोन नावं माझ्याजवळून गेली होती.

म्हणून श्रावणात मी सोळा सोमवार धरले. मागणं एकच, ह्यांचं नाक परत दे, म्हणजे मी ह्यातून सुटेन. आणि ज्या तोंडानं नाव बाटवलं त्या तोंडाला शिक्षा म्हणून वर आणखी एक नेम केला. सोमवारी सूर्य उगवल्यापासून सांजेचा दिवा लागेपर्यंत मौन. एक शब्द नाही, देवाचं नावसुद्धा ओठांवर नाही. मनातल्या मनात. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं हाय. सोमवारी धुराचं काम घ्यायचं न्हाई. नाकाला सुट्टी."

सोमवारी संध्याकाळी मी चुरमा करायची. कणीक, गूळ, साजूक तूप. नैवेद्य झाला की ह्यांच्या हातावर ठेवायची. पहिल्या पहिल्यांदा हे तसाच तोंडात टाकत. सात-आठ सोमवार झाल्यावर मात्र आधी नाकापाशी नेऊ लागले. दहाव्या सोमवारी म्हणाले, "आगं, आज कायतरी हललं."

"काय हललं?"

"ठावं न्हाई. नाकात आत, लय आत. मुंगी चालल्यागत."

मी देवापुढं डोकं टेकलं. बाराव्या सोमवारी म्हणाले, तुपाचा वास आल्यावानी झालं. तेराव्याला म्हणाले, आला. मी कधी डोळे मिटायला लावून, दुसरं काही नाकाखाली धरून पाहिलं नाही. डॉक्टरांनी पाहिलं होतं तसं. पाहायला हवं होतं. पण देवानं दिलेल्याची परीक्षा घ्यायची नसते, असं मला वाटलं.

चौदावा सोमवार दिवाळीनंतर आला. सकाळी नऊच्या सुमाराला मी तांब्या घेऊन तुळशीपाशी गेले आणि मानसिंगरावांची अँबॅसिडर काळा धूर ओकत अंगणात शिरली. मानसिंगराव ह्यांच्याच पलटणीतले. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी ती जुनी गाडी घेतली आणि सातारा-कोयनानगर टॅक्सी धरली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. गाडी हेच त्यांचं घरदार. मागच्या सीटवर एक म्हातारा-म्हातारी बसलेली, कोयनेच्या कॉलनीत लेकाकडं निघालेली, टपावर बोचकी.

"आकाराम, बघ रं काय झालंय हिला. कालपासनं पेट्रोल पितीया का आंघोळ करतीया कळंना. चढाला दमच न्हाई."

"उद्या ये, मानसिंग. आज सोमवार हाय."

"मग? सोमवार वहिनींचा. तुझं नाक पण उपास धरतंय का काय?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. मानसिंगरावांना वाटलं मी त्यांना नमस्कारच केला. त्यांनी हात जोडले. "वहिनी, दोन मिंटाचं काम हाय. ही म्हातारी माणसं दुपारच्या आत पोचवायची हायीत."

हे उठले. त्यांच्या उठण्यात मला काहीतरी निराळं दिसलं. गेल्या आठ महिन्यांत ते गाडीकडं असे गेले नव्हते. खांदे वर, फौजेतल्यासारखे.

त्यांनी चारी प्लग काढले. काजळीनं काळेभोर. मग कार्ब्युरेटरचा वरचा डबा उचलला आणि आतली सुई बाहेर काढून उजेडात धरली. पेट्रोल किती सोडायचं ते ही सुई ठरवते. "ही बघ, एका अंगाला झिजलीया. म्हणून कच्चं जातंय." डब्यातून नवी सुई शोधून बसवली, प्लग घासून लावले, इंजिन चालू केलं. आता राहिला होता बुडाचा पितळी नट. सहा पैलूंचा. वर चढवावा तसं पेट्रोल कमी होतं.

हे एक पैलू फिरवायचे आणि मागं येऊन नळीशी बसायचे. पहिल्या खेपेला धूर गोडसर होता. मी गप्पच होते, मला बोलायचंच नव्हतं. हे स्वतःच उठले, "अजून कच्चाय," म्हणाले, दुसरा पैलू फिरवला. पुन्हा बसले. कच्चाच. तिसरा फिरवला. आणि धूर आला तो उबदार, शांत, नुसताच गरम. माझ्या अंगावर काटा आला. कारण हे डोळे मिटून म्हणाले, "आला. आता बरोबर आला."

देवा, मी मनात म्हटलं. दिलंस.

मानसिंगराव म्हणाले, "अजून एक घे की, गड्या. पेट्रोल तेवढंच वाचंल."

हे हसले. चौथा पैलू चढवला. येऊन बसले, डोळे मिटले. माझे डोळे मात्र झोंबायला लागले होते. चुना. स्वच्छ चुना.

हे म्हणाले, "ह्यो पण बरोबर हाय. हे तर लयच सुंदर."

मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. दोन शब्द. तेही देवाचेच. पण त्यासाठी चौदा सोमवार मोडावे लागणार होते, आणि मोडले तर आलेलं नाक जाईल. आलेलं? आलेलं असतं तर त्यांनी हा धूर सुंदर म्हटलाच नसता. हे मला तेव्हा कळत होतं आणि नव्हतंही. मानसिंगराव माझ्याकडंच बघत होते. हात हलवावा तरी कसा? ह्यांचं आठ महिन्यांचं झाकलेलं उघडं पडणार. मी तांब्या दगडावर ठेवला. जोरात. पाणी सांडलं. हे वळले. त्यांनी तांब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनी सांगितलं, जेवढं डोळ्यांना सांगता येतं तेवढं.

"बघ, तुझी वहिनी पण काय बोलंना," हे मानसिंगरावांना म्हणाले. "म्हंजे बरोबरच असणार." मानसिंगराव थट्टा समजून हसले.

एरवी हे गाडी कृष्णेच्या पुलापर्यंत पळवून आणत आणि प्लग उघडून रंग बघत. आज नाही. मानसिंगराव घाईत होते आणि ह्यांना प्लगची गरज वाटत नव्हती. गाडी गेली. धूर इतका स्वच्छ की दिसतसुद्धा नव्हता.

सांजेला दिवा लावला आणि माझं तोंड मोकळं झालं. सांगायचं म्हणून मी वळले तर हे दारात उभे. अंघोळ केलेली, कपाळाला अंगारा.

"मनू," ते म्हणाले. लग्नानंतर पहिल्या वर्षी म्हणत तसं. "आज तुझ्या नारायणाबिगर काम केलं मी. वास आला मला."

मी चुरमा त्यांच्या हातावर ठेवला.

मंगळवारी दुपारी एका ट्रकच्या मागं दोरखंड बांधून अँबॅसिडर आली. कोयनानगरच्या अलीकडच्या चढावर इंजिननं आधी टकटक केली, मग आतून काहीतरी फुटल्यासारखा आवाज होऊन गाडी बंद पडली होती. म्हातारा-म्हातारी बोचकी डोक्यावर घेऊन चालत गेली. नशीब एवढंच, की गाडी चढावर मागं घसरली नाही. बुधवारी सकाळी ह्यांनी इंजिनचं डोकं उतरवलं. तिसऱ्या पिस्टनच्या मधोमध भोक होतं, मेणावर निखारा पडावा तसं. हंबीरराव आले होते, नाक्यावरचे दोन ड्रायव्हर होते. मानसिंगरावांनी प्लग हातात घेतला. भस्मासारखा पांढरा.

"आकाराम, ह्यो पांढराफटक पडलाय. लय हवा होती. तुला वास आला न्हाई?"

ह्यांनी प्लग घेतला, नाकाशी नेला. मला वाटलं आता माझ्याकडं बघतील. बघितलं नाही.

"न्हाई आला," ते म्हणाले. "शिवरात्रीपासनं माझं नाक गेलंय."

"मग इतके दिस?"

"अंदाजानं."

"अंदाजानं?" मानसिंगरावांचा आवाज चढला नाही, खाली गेला. "माझ्या गाडीवर? बॉर्डरवर तुझ्या हातची गाडी घेऊन मी रस्ता न बघता जायचो रं. तू हात लावलाय म्हणून."

 मी दारात उभी होते. तो बुधवार होता. मौन नव्हतं, उपास नव्हता. अंदाज नव्हता मानसिंगराव, माझं नाक होतं, आणि त्या दिवशी मला कळलं होतं, एवढं मला सांगता आलं असतं. मी पदर डोक्यावर ओढून घेतला.

मानसिंगरावांनी गाडी सांगलीच्या कुठल्या मिस्त्रीकडं ओढून नेली. दोन महिन्यांनी ती दुरुस्त झाली म्हणतात. आता आमच्या रस्त्यानं जाते, पण हॉर्न देत नाही. आमच्या अंगणात धुरासाठी गाडी आली ती तीच शेवटची. हंबीररावांचीसुद्धा येत नाही. हे आता सायकलींची आणि ट्रॅक्टरची पंक्चरं काढतात. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुड्यांवरून भोक शोधतात, त्याला नाक लागत नाही.

पंधरावा सोमवार केला, सोळावा केला. धरलेलं व्रत अर्धं टाकत नाहीत. सोळाव्याला उद्यापन केलं, शेजारच्या सवाष्णींना बोलावलं, चुरम्याचे तीन भाग केले, एक देवाला, एक वाटायला, एक घराला. सगळ्या गेल्यावर मी ह्यांच्यापुढं बसले.

"आवं, मला सांगायचंय. त्या दिशी धूर कोरडा हुता. मला कळलं हुतं."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"तवाच. तू तांब्या ठेवलास न्हवं. तुळशीला पाणी घालताना तू कवा तांब्या खाली ठेवतीस का?" ते हातातल्या चुरम्याकडं बघत होते. "तुझे डोळं पण बघितलं मी."

"मग?"

"मला वास आला व्हता गं," ते म्हणाले. "तुझ्यापरीस त्याच्यावर भरवसा ठेवावा वाटला."

 तेरा सोमवार तो वास मीच त्यांच्या हातावर ठेवत आले होते.

त्यांनी चुरमा सवयीनं नाकापाशी नेला, जरा वेळ धरला. मग तोंडात घालून हळूहळू चावू लागले.

"तूप साजूक हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"साजूक हाय," मी म्हटलं.